नातीच्या हातात मोबाइल दिला म्हणून पिढी उभी राहत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लालबागच्या चाळीतून डोंबिवलीला गेलेल्या कुटुंबावर तुम्ही कादंबरी लिहिताय. आजोबा गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते, वडील १९७० च्या आसपास जन्मलेले, नात २००४ ची. पहिला खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, तिन्ही पिढ्या व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमधून उचलल्यासारख्या वाटतात. मग तंत्रज्ञान कथेत आणायचं कसं, चॅट मराठीत लिहायचं कसं, आणि दहा वर्षांनी हे सगळं शिळं होणार नाही का?

दिवाळी अंकांसाठी आणि प्रकाशकांसाठी कथा-कादंबऱ्यांचं संपादन करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मैत्रीण बरोबर बोलली. तुम्ही पाठवलेल्या पानांत आजोबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेत आणि नात मोबाइलमधून मान वर काढत नाही. हे दोघं माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी हस्तलिखितांत भेटतात. आज संध्याकाळी डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या बाकावर जाऊन बसा. आवाज मोठा करून रील बघणारे सत्तरीचे असतात. पहाटे गुलाबाच्या फुलावर सुविचार डकवून पाठवणारेही तेच. नातीच्या कानात इअरफोन असतो. फोन वाजला की ती उचलत नाही, वाजून बंद होईपर्यंत बघत राहते आणि मग मेसेज टाकते, ‘बोल’. फरक आहेच, पण तो वस्तूत शोधून सापडणार नाही.

मी तो परवानगीत शोधतो. यंत्र वापरायला कोणाला कोणाची परवानगी लागते, ते कोणाच्या देखत वापरावं लागतं, आणि अडलं की कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात? एवढं ठरलं की पिढी आपोआप दिसते. ते ठरलं नसेल तर पात्राच्या हातात कुठलंही मॉडेल द्या, काही फरक पडत नाही.

‘मिलेनियल’ आणि ‘जेन झी’ ही नावं आधी बाजूला ठेवा. १९८१ ते १९९६ आणि १९९७ ते २०१२ ही त्यांची प्रचलित विभागणी अमेरिकेतली आहे. तिकडच्या मोठ्या घटना आणि तिकडे नवं तंत्रज्ञान कधी आलं, याचा हिशेब तिच्यामागे आहे. त्यापेक्षा कार्ल मानहाइम हा समाजशास्त्रज्ञ कादंबरीकाराच्या जास्त उपयोगाचा. १९२८ साली त्याने पिढ्यांवर एक निबंध लिहिला. सोप्या भाषेत त्याचं म्हणणं असं: एका साली जन्मलं म्हणून कोणी एका पिढीचं होत नाही, कोवळ्या वयात एकाच घटनेचा धक्का बसावा लागतो, आणि तो धक्काही सगळ्यांना सारखा बसत नाही. आपल्याकडे हे एका घरात बघायला मिळतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात आलं तेव्हा तुमची नात बारा वर्षांची असणार. तिची १९९८ ची चुलत बहीण तोवर अकरावी-बारावी उरकून बसली होती, तीही थोडक्या डेटाचं रिचार्ज महिनाभर पुरवून. ती आज नोकरीला लागली आहे, पैसे आहेत, तरी घराबाहेर पडताना डेटा बंद करते. नातीला डेटा बंद करतात हेच ठाऊक नाही. त्यात मुलाला फोन दहावीनंतर आणि मुलीला बारावीनंतर, तोही भावाचा जुना, हे आपल्या घरांतलं न लिहिलेलं वेळापत्रक धरलं तर एका छताखाली तीन पिढ्या निघतील आणि तिघंही ‘तरुण’च असतील.

आता तुमच्या आजीकडे या. खर्ड्यात दोन वाक्यं आहेत: ‘आजी मोबाइलवर मोठमोठ्याने बोलत असे. तिला नव्या गोष्टी जमत नसत.’ यातलं दुसरं वाक्य तर चक्क खोटं आहे. सत्तरच्या दशकात चाळीत टेलिफोन घ्यायचा म्हणजे प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं नाव लावून बसायचं. त्यामुळे चाळीचा फोन म्हणजे खालच्या वाण्याचा फोन. लग्नपत्रिकेत, व्हिजिटिंग कार्डावर तोच नंबर छापायचा आणि पुढे लिहायचं ‘पी. पी.’, म्हणजे फोन दुसऱ्याचा, माणसाला बोलावून घ्या. फोन आला की शेठ पोराला पिटाळायचा, पोरगं चौकातून तिसऱ्या मजल्याकडे बघून ओरडायचं, आणि सगळ्या चाळीला कळायचं की अमक्यांकडे फोन आलाय. बाई हातातलं टाकून, पदर सावरत, तीन जिने उतरायची. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. त्यांच्यासमोर माहेरच्या माणसाशी काय बोलणार? ‘हो’, ‘नाही’, ‘ते तिकडे आल्यावर’. शेठच्या कपाळावर आठी चढायच्या आत ठेवून द्यायचा. शिवाय वर जाताना काहीतरी विकत घ्यायचं, निदान काड्यापेटी तरी, कारण उपकार राहायला नकोत.

ही बाई आज मोबाइलवर कशी बोलेल?

‘आजीने फोन कानापासून वीतभर लांब धरला. “हां, बोल. बरी आहे. तो आला. हो. नाही. ते तिकडे आल्यावर. ठेवते.”
“कोणाचा हो?” सुनेने विचारलं.
“ताईचा.”
“मग एवढ्यात ठेवलात? आता पैसे नाही पडत, आई.”
आजीने दाराकडे बघितलं. “असू दे. माणसं असतात.”
घरात त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं.’

वाण्याचं दुकान इथे कुठेही नाही. वाचकाला ते आधीच्या एखाद्या प्रकरणात एकदा दाखवलेलं असलं की पुरे. यंत्र गेलं तरी त्याने अंगाला लावलेली सवय उरते, आणि तीच सवय पिढीची ओळख असते. मुंबईच्या घरांची गंमत अशी की नात हेच उलट्या बाजूने करते. तीही घरात खासगी बोलू शकत नाही, कारण वन बीएचकेमध्ये माणसं पाच. म्हणून ती टाइप करते. आजी तुटक बोलते, नात मुळीच बोलत नाही, आणि कारण दोघींचं एकच. हा धागा तुमच्या हातात आहे आणि तुम्ही तो सोडून दिलाय. मुलीचं खासगी बोलणं कुठे होतं ते शोधा: गच्चीवर, जिन्यात, रिक्षाच्या रांगेत, लेडीज डब्यात. अनोळखी बायकांच्या गर्दीत ती जे बोलेल ते घरात बोलणार नाही. चार्जिंगचा पॉइंट कुठे आहे तेही ठरवा. तो बैठकीत टीव्हीखाली असेल तर रात्री फोन तिच्याजवळ नसतो. कुटुंबाचा अख्खा कायदा त्या एका प्लगमध्ये सापडतो.

आजोबांच्या बाबतीत तर तुमची मांडणी चुकीच्या टोकाने सुरू झाली आहे. तुम्ही त्यांना तंत्रज्ञानाच्या आधीचा माणूस मानलंय. अहो, गिरणीत काम केलेला माणूस! साळखात्यात साचे, म्हणजे माग चालवणाऱ्या कामगाराइतकं यंत्राजवळ तुमच्या कादंबरीत दुसरं कोणीच गेलेलं नाही. धागा तुटला की हाताला आधी कळायचं. शेकडो साचे एकदम चालू असताना माणसं ओठांकडे आणि हातांकडे बघून बोलायची. त्या खडखडाटाने अनेकांचे कान गेले. आजोबा व्हिडिओ कॉलला लगेच तयार होतात आणि साध्या कॉलला वैतागतात असं दाखवा. कारण सांगू नका, फक्त ओठ दिसतायत का म्हणून ते फोन पुढेमागे करतात एवढं लिहा. यंत्र उघडून दुरुस्त करता येतं, असं मानणाऱ्या पिढीचे ते आहेत. नातीचा फोन बंद पडला की ते स्क्रू शोधतात, आणि स्क्रू दिसत नाही.

अजून एक नातं तुमच्या कथेत दडलंय. नातीचा मामेभाऊ ॲपवर डिलिव्हरी करतो, असं तुम्ही एका ओळीत उरकलंय. गिरणीतला बदली कामगार पाळीच्या वेळी दारात जाऊन उभा राहायचा. कोणी गैरहजर असला तर आत घेतला जायचा, नाहीतर परत. जॉबरची, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाची मर्जी सांभाळावी लागायची. आता स्लॉट मिळतो की नाही ते ॲप ठरवतं, रेटिंग पडलं की काम आटतं, आयडी बंद झाला तर दाद कोणाकडे मागायची ते कळत नाही. हे आजोबांना चटकन कळेल. वडिलांना नाही कळणार, कारण त्यांची नोकरी कायम होती, त्यांना पगारी रजा होती. म्हणजे एका कुटुंबात आजोबा आणि नातवंडांची पिढी एका बाजूला आणि मधली पिढी एकटी पडलेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाच्या आठवणी आजोबांनी पानभर सांगण्यापेक्षा ते पोराला नुसतं विचारतील, ‘आज घेतलं का आत?’ त्यात संप येऊन गेला.

मधली पिढी आपल्या कथांत नेहमी उपाशी राहते, आणि माझ्या मते खरा माल तिच्याकडे आहे. तुमच्या कादंबरीतले वडील घ्या. घरी पहिला फोन आला तो एमटीएनएलचा. मुंबई आणि दिल्लीसाठी ही कंपनी १९८६ मध्ये निघाली. पोरांनी भलतीकडे फोन लावू नये म्हणून तबकडीच्या भोकात बारीक कुलूप घालायची पद्धत होती आणि किल्ली घरच्या कर्त्याच्या जानव्याला किंवा खिशात. त्याच माणसाने तरुणपणी टायपिंगच्या क्लासला जाऊन मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांची परीक्षा दिली. त्या सर्टिफिकेटवर नोकरी लागली. पुढे ऑफिसात संगणक आले, साहेबांनी एमएस-सीआयटी करायला लावलं, तेही केलं. आज तो कीबोर्डवर दहा बोटांनी झरझर लिहितो आणि फोनवर एका बोटाने ठोकत बसतो, ‘त्र’ सापडत नाही म्हणून. ज्याच्याकडे कुलपाची किल्ली होती तो आता मुलीला हाक मारतो, ‘अगं, ओटीपी आलाय बघ.’ मुलगी म्हणते, ‘मोठ्याने वाचू नका, बाबा.’ तिच्या स्वरात जे काही आहे, ते पाच पानं लिहा.

ओटीपीवरून सुचलं. तुमच्या कथेत गिरणी कामगारांच्या घरांचा उल्लेख आहे. म्हाडाची पहिली सोडत २०१२ ची. तुमचं कुटुंब त्यानंतरच्या एखाद्या सोडतीत असणार. अर्जावर मोबाइल नंबर कोणाचा घातला, थोरल्याचा की आत्याच्या नवऱ्याचा? सगळे निरोप त्याच नंबरावर येणार. वारसांचं भांडण पूर्वी सातबारावर व्हायचं, आता नोंदवलेल्या नंबरावरूनही होऊ शकतं. आणि पेन्शन. हयातीचा दाखला ऑनलाइन देण्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली, आधी बोटांच्या ठशांवर. हातांनी कष्ट केलेल्यांचे ठसे म्हातारपणी मशीन पुष्कळदा घेत नाही. नंतर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. फोन समोर धरायचा आणि स्क्रीनवर सूचना आली की डोळे मिचकावायचे. विचार करा, नात आजोबांसमोर फोन धरून बसली आहे आणि म्हणते आहे, ‘आता मिचकावा. नाही, जोरात. परत.’ सरकारला आजोबा जिवंत असल्याचं पटवण्याचं काम घरात तिच्याकडे आलंय. तुमच्या खर्ड्यातल्या ‘पिढ्यांमधली दरी’ या दोन पानी संवादापेक्षा हे कधीही बरं.

कालक्रमाच्या चुका मात्र कसून काढा, कारण वाचक तिथे पहिला पकडतो. भारतात मोबाइलचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा. सामान्य माणसाला इंटरनेट त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने दिलं. सुरुवातीला आलेल्या कॉलचेही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते मे २००३ मध्ये. म्हणून १९९९ च्या प्रसंगात फोन वाजला तरी न उचलणारं तुमचं पात्र पैसे वाचवत असेल, रुसलेलं नसेल. तुम्ही ते रुसवा म्हणून लिहिलंय. त्याच काळात मिस्ड कॉलची एक भाषाच झाली होती: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा नोव्हेंबर २०१४ च्या, त्यामुळे २०१२ मध्ये तुमच्या नायिकेच्या आत्याला त्या दिसणं शक्य नाही. सगळ्यांसाठी मेसेज पुसायची सोय २०१७ च्या अखेरीस आली. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण रात्री अकरानंतर फोन वाजला की आजीच्या पोटात गोळा येतो तो तारेच्या काळातला.

एक तारीख तुम्ही वापरलीच नाही याचं मला नवल वाटलं: २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल ठप्प, मोबाइलचं नेटवर्क कोलमडलेलं. माणसं रुळांवरून चालत घरी गेली, काही दुसऱ्या दिवशी पोचली. त्या रात्री नात वर्षाची होती, तिला काही आठवणं शक्य नाही. पण तिची आई त्या रात्रीपासून ‘पोचलीस का’ विचारल्याशिवाय झोपत नाही. पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये स्फोट झाले, फोन लागेनासे झाले, आणि सवय पक्की झाली. नातीला ती पाळत वाटते. लाइव्ह लोकेशन चालू ठेव, असं आई म्हणते तेव्हा दोघींच्या डोक्यात दोन वेगळी शहरं असतात. मानहाइमला जे सांगायचं होतं ते या दोघींच्या एका भांडणात मावतं.

मोबाइलमुळे जुनी कथानकं चालेनाशी झाली, अशीही तुमची तक्रार दिसते. चुकामूक, उशिरा मिळालेलं पत्र, निरोप न पोचणं हे सगळं गेलं. लेखक मग बॅटरी संपवतात. एका कादंबरीत बॅटरी एकदाच संपू द्या. फोन लागतो आहे, पण शेजारी सासू बसली आहे. मेसेज वाचला गेलाय, पण उत्तर नाही. एक फॅमिली ग्रुप आणि मोठ्यांना वगळून केलेला दुसरा ग्रुप, आणि एकावरचा मजकूर चुकून दुसऱ्यावर पडला. चुकामुकीच्या जागा कमी झालेल्या नाहीत. आजोबा वारले की त्यांचा नंबर ग्रुपवर तसाच राहतो. काढून टाकायचं धाडस ॲडमिनला होत नाही. रिचार्ज थांबलं की काही महिन्यांनी तो नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि एक दिवस ‘आजोबा’ या नावापुढे कोणा परक्याच्या मोटरसायकलचा फोटो येतो. हे मी तुम्हाला देऊन टाकतो, वापरा.

चॅट. मुंबईतली मुलं मराठी बरंचसं रोमन लिपीत टाइप करतात, हे खरं. छापताना देवनागरीच ठेवा. रोमन ओळींनी भरलेलं पान मराठी वाचक नुसतं चाळतो. लिपी बदलली तरी चाल बदलू नका. नात पूर्णविराम देत नाही, एक वाक्य चार मेसेजमध्ये तोडते: ‘ऐक’, ‘उद्या नको’, ‘म्हणजे’, ‘आई आहे’. तिला कोणी ‘ठीक आहे.’ असं पूर्णविरामासकट लिहिलं तर ती चिडलाय का विचारते. वडील पत्राचा मायना सोडत नाहीत: ‘चि. सायली, अनेक आशीर्वाद’, आणि शेवटी स्वतःचं नाव, जणू मेसेज कोणाचा ते कळणार नाही. आजी व्हॉइस नोट पाठवते आणि तिच्यात कुकरची शिट्टी येते. आजोबा बोलून टाइप करतात, त्यामुळे ‘बबन’चं ‘बटन’ होतं आणि घरात बबनकाकांना त्यानंतर बटनकाकाच म्हणतात. या चौघांचे मेसेज नाव न लिहिता ओळखता यायला हवेत. खर्ड्यात सगळे तुमच्यासारखे, म्हणजे शुद्ध लिहितात. सलग पानभरापेक्षा जास्त चॅट ठेवू नका.

शिळं होईल का? होईल, काही बिघडत नाही. ट्रंक कॉल ज्याने कधी लावला नाही त्यालाही जुन्या कथेतली ट्रंक कॉलची वाट बघणारी बाई कळते. शिळं होतं ते ॲपच्या नावांचं प्रदर्शन. नाव घ्या, पण त्याने काही घडत असेल तेव्हा. एम-इंडिकेटर हे लोकलचं ॲप उघडून मुलगी गाडी बघते, यात काही नाही. त्यातल्या चॅटवर अनोळखी माणूस ‘ठाण्याला सिग्नल गेलाय’ लिहितो आणि ती त्याच्या भरवशावर आईला उशीर कळवते, तिथे कथा आहे. तपासायची युक्ती एकच: प्रसंगातून यंत्र काढून बघा. प्रसंग तसाच उभा राहिला तर यंत्र शोभेचं होतं.

राहिला इमोजींचा प्रश्न. तुम्ही खर्ड्यात भरपूर घातलेत. अनेक मराठी छापखान्यांत मजकूर अजून युनिकोडमधून त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि त्यात इमोजी गळतात किंवा त्यांच्या जागी चौकोन येतात. मुद्रितशोधकाला तिथे काय होतं ते कळायला मार्ग नसतो. फार गरज असेल तिथे शब्दांत लिहा: ‘तिने नुसता अंगठा पाठवला.’ पुढच्या खर्ड्यात वडिलांचं प्रकरण आधी लिहा आणि तेवढंच पाठवा, बाकीचं घाईने सुधारू नका.